नोकरी करणारी स्त्री व आपली व्यवस्था



नोकरींत स्त्रीला समान संधि मिळाली म्हणजे नेमकें काय मिळालें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. विद्वत्तेचा अधिकार माझ्याकडे नाहीं. परंतु जन्म शाळेंत गेला असल्यामुळें स्त्रियांबरोबर काम करण्याचा अनुभव मात्र पुष्कळ आहे.

सकाळीं पुण्याच्या कोणत्याहि रस्त्यावर उभें राहिलें, तर कचेरीकडे, रुग्णालयाकडे, कारखान्याकडे निघालेल्या कितीतरी स्त्रिया दिसतात. त्यांना पाहून आपण म्हणतों कीं, आतां प्रश्न उरला कोठें? दार तर उघडलें आहे. माझें म्हणणें असें कीं, दार उघडणें हें निम्मेंच काम झालें. आंत आलेल्या स्त्रीला तेथें टिकतां यावें अशी व्यवस्था करणें हें उरलेलें निम्में काम होय, आणि नेमका त्याचाच आपणांस विसर पडतो.

आपल्याच शहराचें उदाहरण घ्या. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें पुण्यांत सेवासदनाची स्थापना केली. त्या काळीं रोग्यांची शुश्रूषा करणें हें पांढरपेशा घरांतील स्त्रीला कमीपणा आणणारें काम समजलें जाई. परक्या पुरुषांची सेवा, रात्रीची पाळी आणि जात न पाहतां सर्वांना करावा लागणारा स्पर्श, एवढीं कारणें समाजाला पुरेशीं होतीं. अशा स्थितींत रमाबाईंनीं ससून रुग्णालयांत स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण मिळण्याची सोय केली. परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहींत. शिकणाऱ्या स्त्रियांसाठीं वसतिगृह काढलें. ज्यांना लहानपणीं अक्षरओळख झाली नव्हती अशा प्रौढ स्त्रियांसाठीं वर्ग चालविले. ज्या विधवेला सासरीं आधार नाहीं आणि माहेरींहि नाहीं, तिला नुसती नोकरी दाखवून भागत नसे. ती राहणार कोठें, तिच्यामागें उभें कोण राहणार, या प्रश्नांचीं उत्तरें आधीं द्यावीं लागत. तीं सेवासदनानें दिलीं, म्हणूनच तें कार्य रुजलें.

दुसरें उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचें. बाळंतपण म्हणजे मजुरी बुडणें, हा तेथील कामकरी स्त्रियांचा नित्याचा अनुभव होता. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूतिभत्त्याच्या विधेयकावर बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, बाळंतपणाच्या आधीं व नंतर मातेला विश्रांति मिळणें यांत साऱ्या राष्ट्राचें हित आहे. पुढच्याच वर्षीं, १९२९ सालीं, मुंबई इलाख्यांत तो कायदा झाला. जो भार आजवर एकटी आई वाहत होती, त्याचा वांटा इतरांनींहि उचलला पाहिजे, हें तत्त्व त्यामुळें मान्य झालें.

तिसरें उदाहरण पुष्कळांना ठाऊक आहे. १९७४ सालीं बंगलोर येथें शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढें प्रसिद्धीस आलेल्या सुधा मूर्ति, यांनीं टेल्को कंपनीची एक जाहिरात वाचली. स्त्रियांनीं अर्ज करूं नये, असें तींत लिहिलें होतें. त्यांनीं थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिलें. मुलाखतीसाठीं त्यांना पुण्यास बोलाविण्यांत आलें आणि इंजिनिअर म्हणून त्यांची निवड झाली. ही गोष्ट आपण कौतुकानें सांगतों, आणि तें योग्यच आहे. परंतु असें पत्र लिहिण्याचें धैर्य सर्वांच्या अंगीं असत नाहीं. ज्यांनीं तें लिहिलें नाहीं आणि ज्या मुकाट्यानें घरीं बसल्या, त्यांची गणती कोणीं केली आहे?

अशी एक स्त्री माझ्या डोळ्यांसमोर घरीं बसली, आणि त्यांत माझा दोष होता. मी ज्या शाळेंत होतों तेथें एक तरुण शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. शाळेच्या वेळापत्रकाचें काम माझ्याकडे होतें. घर जवळच असल्यामुळें मधल्या सुटीला लागून एक तास मोकळा मिळाला तर मुलाला पाजून येतां येईल, एवढीच तिची विनंति होती. "एकीला सवलत दिली कीं उद्यां सगळ्याजणी मागतील," असें सांगून मीं ती नाकारली. सर्वांना समान वागविल्याचें समाधानहि मीं मानून घेतलें. वर्ष संपण्याच्या आंत तिनें राजीनामा दिला. तिच्यासारखें गणित शिकविणारें पुन्हा कोणी आमच्या शाळेला मिळालें नाहीं. पुढें माझी सून तान्हें मूल घरीं ठेवून कामावर जाऊं लागली, तेव्हां तें वेळापत्रक मला आठवलें. दोन तासांची अदलाबदल करणें हें केवळ पेन्सिलीचें व खोडरबराचें काम होतें.

आज कायदा पुष्कळ पुढें गेला आहे. २०१७ सालच्या दुरुस्तीनें प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठीं १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर आली. ५० किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची सोय आवश्यक ठरली, आणि दिवसांतून चार वेळां तेथें जाण्याची मुभा आईला मिळाली. १९९२ सालीं राजस्थानांत बालविवाह थांबवूं पाहणाऱ्या एका कार्यकर्तीवर घोर अत्याचार झाला. त्यांतून उद्भवलेल्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं विशाखा निर्णय दिला, आणि २०१३ सालीं कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. १० किंवा अधिक नोकर असतील तेथें तक्रार समिति हवी, तिची अध्यक्ष स्त्रीच हवी आणि निम्मे तरी सभासद स्त्रिया हव्यात, असें तो सांगतो. जेथें नोकर दहांहून कमी आहेत, तेथील स्त्रीला, तशीच घरकाम करणाऱ्या बाईलाहि, जिल्ह्याच्या समितीकडे दाद मागतां येते.

परंतु कायदा पुस्तकांत असतो आणि वेळापत्रक कोणातरी माणसाच्या हातीं असतें. म्हणून उद्यां कामावर गेल्यावर तीन गोष्टी अवश्य पाहा. स्त्रियांचें स्वच्छतागृह उघडें व स्वच्छ आहे काय? तक्रार समितीचीं नांवें सर्वांना दिसतील अशीं भिंतीवर लावलीं आहेत काय? आणि रजेवरून परतलेल्या बाईला तिचें पूर्वीचें काम मिळालें, कीं तिला हळूच बाजूच्या टेबलावर बसविलें? यांपैकीं एकाहि गोष्टीला मोठें भांडवल लागत नाहीं.

घरींहि एक गोष्ट पाहावी. दोघें संध्याकाळीं एकाच वेळीं दमून परततात. मग पदर खोचून स्वयंपाकघरांत एकटी तीच कां शिरते? निवृत्तीनंतर मी कणीक मळावयास शिकलों. पोळ्या अजून गोल होत नाहींत. पण सून त्या तक्रार न करतां खाते.

माझ्या हातीं आतां वेळापत्रक राहिलें नाहीं. आपणांपैकीं अनेकांच्या हातीं तें आहे. तें आंखतांना पेन्सिल व खोडरबर जवळ असूं द्यावें, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.