‘तुम्ही कुठे राहता?’ याचं इंग्रजी उत्तर : आयल्ट्स स्पीकिंगचा पहिला भाग

आज आयल्ट्सच्या स्पीकिंगबद्दल बोलूया, आणि त्यातही फक्त पहिल्या चार-पाच मिनिटांबद्दल. या भागाची तयारी एकतर कोणी करत नाही, नाहीतर नको तेवढी करतं.

ज्यांना परीक्षेची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं असतं. समोर परीक्षक असतो, खराखुरा माणूस, काही केंद्रांवर व्हिडिओ कॉलवर. सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. पहिल्या भागात तो तुमचं नाव विचारतो, ओळखपत्र बघतो आणि मग रोजच्या आयुष्याबद्दल प्रश्न सुरू होतात : घर, काम किंवा शिक्षण, घरची माणसं, सुट्टीचा दिवस, जेवण, प्रवास, असं काहीही. दुसऱ्या भागात कार्डावर विषय मिळतो, एक मिनिट तयारी आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या आसपासची चर्चा. भारतात ही परीक्षा आता आयडीपी घेते. २०२१ पर्यंत ब्रिटिश कौन्सिलही घ्यायचं.

सगळे घाबरतात ते दुसऱ्या भागाला. माझं निरीक्षण जरा वेगळं आहे. दोनेक वर्षं मी मित्रमंडळींच्या मॉक टेस्ट घेतोय, रविवारी सकाळी, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. कोणी घाटकोपरहून येतं, कोणी भांडुपहून, एकदा तर अंधेरीहून दोघं मेट्रोने घाटकोपरला आले आणि तिथून स्लो लोकलने. बहुतेक आयटीवाले. ही सगळी मंडळी दिवसभर इंग्रजीत बोलतात. प्रॉडक्शनमध्ये रात्री दोनला काय फुटलं, हे क्लायंटला न अडखळता समजावून सांगतात. आणि त्यांना विचारलं, ‘डू यू लिव्ह इन अ हाउस ऑर अ फ्लॅट?’ की तीन सेकंद शांतता.

का? कारण आपलं इंग्रजी ऑफिसचं आहे. रिक्वायरमेंट, डेडलाइन, रोलबॅक या गोष्टी आपण मराठीत शिकलोच नाही, त्यामुळे त्या इंग्रजीत सहज येतात. पण पाणी सकाळी किती वाजता येतं, आजी कुठल्या खिडकीत बसते, रविवारी मासे कोण आणतं, हे आपण आयुष्यात कधी इंग्रजीत बोललेलो नसतो. इंग्रजी मीडियमवाल्यांचंही तेच. शाळेत फोटोसिंथेसिस इंग्रजीत, आणि घरी पाऊल टाकलं की ‘आधी हातपाय धू’. सोपा प्रश्न अवघड जातो, कारण तो बरोबर त्या खोलीत शिरतो जिथे इंग्रजी कधी आलेलंच नाही.

या रिकाम्या जागेत मग पाठ केलेली उत्तरं येऊन बसतात. क्लासमध्ये झेरॉक्स मिळते. ‘आय लिव्ह इन अ स्पेशियस अपार्टमेंट विथ अ ब्युटिफुल बाल्कनी.’ छंद : ट्रेकिंग आणि वाचन. वीकेंड : ‘आय लव्ह टू रिजुव्हनेट मायसेल्फ.’ अहो, रिजुव्हनेट कोण करतं? आपण झोपतो. दुपारी जेवून झोपतो.

घाटकोपरच्या चाळीत वाढलेल्या एका मैत्रिणीने मला तेच बाल्कनीवालं उत्तर दिलं. मी पुढचा प्रश्न विचारला, खिडकीतून काय दिसतं? ती अडकली, कारण झेरॉक्समध्ये खिडकी नव्हती. कोडच्या भाषेत सांगायचं तर हार्डकोड केलेलं आउटपुट आहे ते, इनपुट जरा बदललं की क्रॅश. तिच्या खऱ्या घरातून रेल्वेचे रूळ दिसतात आणि शेवटची गाडी गेली की घरातले झोपतात. हे मला तिने मराठीत सांगितलं, नंतर, चहा पिताना, लाजत. यातलं एक वाक्य जरी तिने इंग्रजीत सांगितलं असतं तरी त्या बाल्कनीपेक्षा दहापट चांगलं उत्तर झालं असतं.

दुसरा किस्सा बोरिवलीच्या एका मुलाचा. त्याला स्पीकिंगमध्ये ७ हवे होते. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी स्पीकिंगमधले ७ म्हणजे सीएलबी ९, आणि ६.५ म्हणजे सीएलबी ८. दिसायला अर्धाच बँड, पण सीएलबी ९ खाली एकाही कौशल्यात घसरलात की गुणांची मोठी उडी हातातून जाते. तर मी विचारलं, घरी कोण कोण असतं? तो म्हणाला, ‘देअर आर फोर मेंबर्स इन माय फॅमिली. माय फादर इज...’ आणि थांबला. त्याचे बाबा २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. उत्तर त्याआधीचं होतं, कॉलेजात असताना कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेलं. मग त्याने मला विचारलं, ‘चारच सांगू का? त्यांना काय कळणार आहे?’

खरं आहे, काहीच कळणार नाही. परीक्षक तुमचं रेशनकार्ड तपासत नाही. खोटं बोलण्याला गुण कापले जात नाहीत. पण ते वाक्य तो प्रत्येक वेळी ‘इज’ला येऊन थांबत होता. आम्ही बराच वेळ बसलो आणि शेवटी त्याचं त्यानेच शोधलं : ‘देअर यूज्ड टू बी फोर ऑफ अस. नाऊ इट्स माय मदर, माय सिस्टर अँड मी.’ पुढे काही नाही. यात ‘यूज्ड टू’ अगदी योग्य जागी आलंय, काळ बरोबर आहे, आणि मुख्य म्हणजे तो हे न अडखळता बोलू शकत होता. ज्यांना एवढंही सांगायचं नाही, त्यांनी ‘आय लिव्ह विथ माय मदर अँड माय सिस्टर’ म्हणावं. तेही पूर्ण आणि खरं उत्तर आहे.

आता गुण कशाला मिळतात ते बघू, म्हणजे माझं म्हणणं नुसतं भावनिक वाटणार नाही. चार निकष आहेत, चारही समान वजनाचे : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. या यादीत ‘आयुष्य किती भारी आहे’ हा निकष नाही. वन आरके आणि थ्री बीएचके, दोघांना सारखेच गुण. मत चूक की बरोबर, हेही बघत नाहीत.

ओघाच्या निकषात एक बारीक गोष्ट आहे, बँडची वर्णनं नीट वाचली की सापडते. अडखळणं दोन प्रकारचं असतं. एक, शब्द सापडत नाही म्हणून. दुसरं, काय सांगावं याचा विचार करताय म्हणून. आठच्या बँडमध्येही माणूस थांबतो, पण बहुतेक वेळा दुसऱ्या कारणासाठी. म्हणजे ‘आवडता पदार्थ कोणता?’ यावर क्षणभर विचार करायला हरकत नाही, कुठलाही माणूस करतो. पाठ केलेलं उत्तर उलट पट्कन सुटतं, एका सुरात येतं आणि पुढच्याच प्रश्नाला वेग निम्म्यावर. हा फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो. मला गच्चीवर कळतो, तर त्यांचं कामच ते आहे.

आता एक प्रश्न, जो खास आपल्याला छळतो. ‘लेट्स टॉक अबाउट युअर होमटाउन.’ मुंबईतल्या मराठी माणसाचं होमटाउन कुठलं? आपल्याकडे ‘गाव कुठलं?’ याचं उत्तर मुलुंड किंवा बोरिवली कधीच नसतं. ते चिपळूण असतं, सातारा असतं, जुन्नर असतं, जिथे आपण मे महिन्यात पंधरा दिवस आणि गणपतीला पाच दिवस जातो. जन्म भांडुपचा, शाळा भांडुपची, पण गाव मालवण. इंग्रजी होमटाउनचा ढोबळ अर्थ तुम्ही जिथे वाढलात ती जागा. म्हणून बहुतेकांसाठी सरळ उत्तर उपनगराचंच. पण हा गोंधळ लपवायचा कशाला? तोच सांगा : ‘आय ग्रू अप इन भांडुप, बट इफ यू आस्क माय ग्रँडमदर, शी विल से आय ॲम फ्रॉम मालवण.’ दोन जागा, एक विरोध, एक माणूस, सगळं एका वाक्यात. पुढे ‘तिथे काय आवडतं?’ विचारलं की तुम्ही कुठल्या जागेबद्दल बोलताय ते आधी ठरवा आणि तिथेच राहा. मुलुंडमधून सुरू करून वेंगुर्ल्याच्या समुद्रात पोचलेली उत्तरं मी ऐकलीत.

‘नेटिव्ह प्लेस’ म्हटलं तर आभाळ कोसळत नाही. पण तो शब्द भारताबाहेर फारसा ऐकू येत नाही, म्हणून ‘द व्हिलेज माय फॅमिली कम्स फ्रॉम’ सोपं पडतं.

ज्या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्दच नाहीत त्यांचं काय, हे नेहमी विचारतात. कट्टा, फोडणी, भिशी, चाळ. शब्दकोश उघडू नका, वर्णन करा. कट्टा म्हणजे ‘द लो वॉल आउटसाइड अवर बिल्डिंग, व्हेअर वुई सिट अँड टॉक आफ्टर डिनर’. चाळ म्हणजे ‘अ लाँग ओल्ड बिल्डिंग व्हेअर ऑल द रूम्स ओपन ऑन टू वन कॉमन कॉरिडॉर’. मराठी शब्दही आधी बिनधास्त घ्या, मागून हे जोडा. माहीत नसलेल्या शब्दाला असा वळसा घालता येणं हा शब्दसंपत्तीच्या निकषाचाच भाग आहे. त्यामुळे चाळीत राहणाऱ्याला इथे अपार्टमेंटवाल्यापेक्षा जास्त संधी आहे, गंमत म्हणजे.

उत्तराची लांबी? दोन ते चार वाक्यं. आधी थेट उत्तर, मग एक कारण किंवा एक बारीक तपशील. ‘हाऊ डू यू गो टू वर्क?’ याला ‘बाय ट्रेन’ एवढंच म्हणून थांबलात तर परीक्षकाला ऐकायला काही उरत नाही. ‘बाय ट्रेन. आय टेक अ स्लो लोकल, इव्हन दो द फास्ट वन सेव्ह्ज टेन मिनिट्स, बिकॉज आय कॅन ॲक्च्युअली ब्रीद इन इट.’ झालं. आयटीवाल्यांनो, कामाबद्दल विचारलं की मायक्रोसर्व्हिसेस नकोत. शेजारच्या काकूंना सांगाल तसं सांगा.

मराठीतून इंग्रजीत गुपचूप घुसणाऱ्या गोष्टींत माझा आवडता म्हणजे आपला ‘च’. ‘मी तिथेच राहतो’ याचं होतं ‘आय लिव्ह देअर ओन्ली’. मराठीत तो ‘च’ सुंदर काम करतो, इंग्रजीत ते काम आवाजाच्या जोराने होतं. ‘देअर’वर जोर द्या, ‘ओन्ली’ सोडा. दुसरं, ‘वीस वर्षांपासून राहतोय’चं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स’. हवं ते ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर ट्वेंटी इयर्स’. आणि हे वाक्य घराबद्दलच्या प्रश्नात हमखास येतं. तिसरं, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. नाही. ‘आय हॅव.’

उच्चारांत एकच सांगतो, कारण तो आपल्या पत्त्यातच आहे : वेस्ट. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यू म्हणताना ओठ गोल होतात. मुलुंड वेस्टचं ‘व्हेस्ट’ झालं की तुम्ही बनियनमध्ये राहायला गेलात. बाकी मराठी वळण राहू दे. फॉरेन ॲक्सेंटला गुण नाहीत, समजण्याला आहेत.

सराव कसा करायचा? उत्तरं लिहू नका. लिहिलं की पाठ होतं. प्रश्न लिहा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि घरात फिरत, समोर दिसेल त्याबद्दल बोला : गॅसवर काय आहे, बाल्कनीत काय वाळतंय, शेजारी कोण भांडतंय. मग ऐका. जिथे थांबलात तिथे कुठला शब्द नव्हता तेवढाच शोधा. तोच प्रश्न चार दिवसांनी पुन्हा घ्या, आणि मुद्दाम वेगळं उत्तर द्या. आई विचारेल कोणाशी बोलतोयस. तिला इंग्रजीत सांगा.

परीक्षेच्या दिवशी दोन गोष्टी. प्रश्न ऐकू आला नाही तर ‘सॉरी, कुड यू रिपीट दॅट?’ म्हणा, त्याला काही होत नाही. आणि परीक्षकाने तुमचं वाक्य मध्येच तोडलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्याला चार-पाच मिनिटांत हा भाग संपवायचा असतो, घड्याळ त्याच्यासमोर आहे. तुमच्या आजीची गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल.

पुढच्या भागात क्यू कार्ड घेऊ. तोपर्यंत खिडकीतून काय दिसतं ते रेकॉर्ड करून ठेवा.