दातदुखी

दातदुखी म्हणजे दात, हिरड्या किंवा जबडा यांत उद्भवणारी वेदना होय. दंतक्षय (दातांची कीड) हे तिचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. वेदनेच्या स्वरूपावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. निश्चित निदान मात्र दंतवैद्याच्या तपासणीनंतर व आवश्यक तेथे क्ष-किरण चित्र काढून केले जाते.

== कारणे ==
दाताच्या बाहेरील दंतवल्कात चेतातंतू नसतात. त्यामुळे कीड तेवढ्यापुरती मर्यादित असताना सहसा दुखत नाही. ती खोलवर जाऊन दंतमज्जेपर्यंत पोहोचली, की मज्जेला सूज येते. भोवतालचे कवच कठीण असल्याने आतील दाब वाढतो व तीव्र वेदना होतात.

== प्रकार ==
* '''क्षणिक झिणझिण्या''' – थंड वा गोड पदार्थाने येतात व लगेच थांबतात. दंतवल्काची झीज, उघडी पडलेली मुळे किंवा सुरुवातीची कीड ही कारणे संभवतात.
* '''रेंगाळणारा ठणका''' – आपोआप सुरू होतो व रात्री आडवे झाल्यावर वाढतो. मज्जादाहाचे हे लक्षण असून बहुधा रूट कॅनाल उपचार किंवा दात काढणे आवश्यक ठरते.
* '''चावताना कळ''' – मुळाशी पू होणे किंवा दाताला तडा जाणे.
* '''दाढेमागील दुखणे''' – अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरील हिरडी सुजल्यास तोंड उघडणेही कठीण होते.
* '''अन्यत्र उगम असलेली वेदना''' – सायनसच्या दाहात वरच्या दाढा दुखतात. श्रमाने वाढणारी जबड्यातील वेदना हृदयविकाराचीही असू शकते.

== उपचार केव्हा घ्यावेत ==
ठणका अचानक थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे. मज्जा मृत झाल्यास वेदना शमते, परंतु जंतुसंसर्ग मुळाखाली पसरत राहतो. दुखणे एक-दोन दिवसांहून अधिक टिकल्यास दंतवैद्याकडे जावे. गालावर सूज, ताप किंवा तोंड न उघडणे ही लक्षणे असल्यास त्याच दिवशी उपचार घ्यावेत. गिळताना वा श्वास घेताना त्रास, जिभेखाली अथवा मानेवर पसरणारी सूज, तसेच जबड्याच्या वेदनेसह छातीत दुखणे व घाम येणे या स्थितीत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या व लवंगेचे तेल यांमुळे तात्पुरता आराम मिळतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्यास तेथील त्वचा भाजते. तंबाखूच्या मिसरीने दुखणे दबल्यासारखे वाटले, तरी तिच्यामुळे मुखकर्करोगाचा धोका वाढतो. तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर तो दुखत नसला तरी तपासून घ्यावा.

== आंबेनळी परिसर ==
आंबेनळी घाट रायगड जिल्ह्यातील पोलादपूर व सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर यांना जोडतो. पावसाळ्यात दरडी कोसळून तेथील वाहतूक खंडित होते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीतही हा घाट बंद पडला होता. अशा डोंगराळ भागात सूज आल्यानंतर दवाखाना गाठणे अनिश्चित असल्याने, किडलेल्या दातांवर पावसाळ्यापूर्वीच उपचार करून घेणे हितावह ठरते.