ताटातली रसायनं (लेखांक ७) : कमानीवरचा मासा, पाण्यातला मासा

लखनौत मासे बघायला बाजारात जावं लागत नाही. कैसरबागेच्या दरवाजांवर मान वर करून पाहिलं की समोरासमोर वळलेली माशांची जोडी दिसते. अवधच्या नवाबांची ही निशाणी. आपल्या बखरींतून भेटणारा ‘माहीमरातब’, म्हणजे माशाच्या चिन्हाचा बादशाही मान, याच गोतावळ्यातला. पुढे हीच जोडी उत्तर प्रदेशच्या राजमुद्रेतही जाऊन बसली. माशाला इतका मान देणाऱ्या शहराच्या नदीतला मासा खावा की नाही, हा आजचा विषय.

फवारणीवरचा मागचा लेख वाचून एका वाचकाने विचारलं होतं, “मग भाजीपेक्षा मासे बरे का?” उत्तर एका शब्दात देता येत नाही. कुठला मासा, कुठल्या पाण्यातला, त्याचा कुठला भाग आणि खाणारं कोण, हे चार प्रश्न आधी विचारावे लागतात.

पाण्यापासून सुरुवात करू. गोमती पिलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यातून निघते. हिमालयाचं बर्फ तिच्या वाट्याला नाही. पाऊस आणि भूजल यांवरच तिची गुजराण. लखनौच्या वरच्या अंगाला, गऊघाटावर, शहर तिचं पाणी पिण्यासाठी उचलतं आणि पुढे कुकरैलसारख्या नाल्यांतून सांडपाणी तिच्याच पदरात घालतं. पिपराघाटाकडे जाईपर्यंत पाण्यातला प्राणवायू पार उतरलेला असतो. मग एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा खच तरंगताना दिसतो आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. लोक म्हणतात, विषाने मेले. बहुतेक वेळा ते गुदमरून मेलेले असतात. मेलेला मासा वासावरून कळतो, तो कुणी सहसा घेत नाही. काळजी करायची ती जगून राहिलेल्याची.

आणि अशा पाण्यात जगतं कोण? मांगूर, मरळ यांसारखे मासे. कल्ल्यांशिवाय यांच्याकडे श्वासाची आणखी एक सोय असते. पृष्ठभागावर तोंड काढून ते सरळ हवेतला प्राणवायू घेतात. रोहू, कटला जिथे तग धरत नाहीत तिथे मांगूर मजेत असतो, आणि तोही तळाच्या गाळात. नाल्यातून आलेलं शिसं, कॅडमियम, पारा सगळं त्या गाळातच बसलेलं. बाजारातही हा मासा पाण्याच्या टबात वळवळत असतो. गिऱ्हाईक बोट लावून बघतं, तो उसळतो, आणि ‘जिवंत आहे म्हणजे चांगलाच’ असं धरून पिशवी पुढे होते. उसळणाऱ्या माशावरून तो आज मेलेला नाही एवढंच कळतं. आजवर त्याने काय खाल्लं, ते नाही.

ज्या लखनौत गोमतीची ही गत आहे, त्याच शहरात देशाची विषशास्त्र संशोधन संस्थाही आहे, १९६५ साली स्थापन झालेली. तिथल्या संशोधकांनी गोमतीतल्या माशांचं मांस तपासलं. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एका ग्रॅम मांसात साधारण अडीच ते साडेबावीस नॅनोग्रॅम क्लोरीनयुक्त कीटकनाशकं सापडली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, तेव्हा लगेच ताट सरकवायचं कारण नाही. मला अस्वस्थ केलं ते यादीतल्या नावांनी. त्यात डीडीटी होतं, जे शेतीसाठी १९८९ सालीच बंद झालं. एचसीएच होतं, आपले शेतकरी जिला बीएचसी पावडर म्हणायचे ती. तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली. बंदीचा कागद निघाला, पण गाळाला तो कोण वाचून दाखवणार?

ही रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र लगेच मुरतात. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, तिथून मोठ्या माशात. चक्रवाढ व्याजासारखा दर पायरीला आकडा फुगत जातो. म्हणून लहान, शाकाहारी, कमी वयाचा मासा बरा. मोठा, म्हातारा, दुसऱ्या माशांवर पोसलेला जोखमीचा.

आता भागाचा प्रश्न. चरबीत बसलेलं कीटकनाशक थोडंफार काढता येतं: कातडी सोलायची, पोटाकडची चरबी काढून टाकायची, सुटलेलं तेल रश्श्यात न घेता टाकून द्यायचं. कॅडमियम मुख्यतः काळिजात आणि मूत्रपिंडात, शिसं काट्यांत आणि कल्ल्यांत; मांसात त्या मानाने कमी. पाऱ्याचं मात्र वेगळं आहे. गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो थेट प्रथिनांना जाऊन चिकटतो, म्हणजे आपण खातो त्याच मांसाला. तो धुऊन जात नाही, तळून जात नाही, चिंच-कोकमाने उतरत नाही. १९५६ साली जपानच्या मिनामाता गावात जी विषबाधा उघडकीला आली ती याच पाऱ्याची. तिथे आया वरवर बऱ्या दिसत होत्या, पण त्यांच्या पोटी अपंग मुलं जन्माला येत होती. आईच्या पोटातली वार हा पारा अडवत नाही.

मिनामाता लांबचं वाटत असेल तर लखनौच्याच राज्यातलं सोनभद्र घ्या. तिथल्या औष्णिक केंद्रांत जळणाऱ्या कोळशाबरोबर पाराही बाहेर पडतो. २०१२ साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तिथल्या डोंगिया नाल्याजवळच्या माशात किलोमागे ०.४४७ मिलिग्रॅम मिथाइल पारा मोजला. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतली मर्यादा ०.२५. आता पाटीवरचं गणित करू. जागतिक तज्ज्ञ समितीच्या हिशेबाने माणसाला आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम चालतो. साठ किलोच्या बाईला ९६. डोंगियाचा मासा असेल तर तिचा आठवड्याचा कोटा सव्वादोनशे ग्रॅमच्या आतच संपला, दोन-तीन तुकड्यांत. पंधरा किलोच्या पोराचा एका लहान तुकडीत. शरीरात गेलेला हा पारा निम्मा व्हायलाच दीड-दोन महिने लागतात.

खाणारं कोण, हा चौथा प्रश्न इथे येतो. गरोदर बाई आणि लहान मूल यांचा हिशेब वेगळा. आणि नदीकाठच्या मल्लाह-निषाद घरांचाही, कारण त्यांच्याकडे मासा रविवारची चैन नसून रोजचं कालवण असतो.

कोकणातल्या वाचकांसाठी एक कंस उघडतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आपल्याकडे मोरी देतात. मोरी म्हणजे शार्क, समुद्रातल्या साखळीतला वरचा शिकारी, आणि अमेरिकेत गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांना जे मासे टाळायला सांगतात त्यांत शार्क आहे. सुरमईचा तिकडचा चुलतभाऊही आहे. लहान मोरी त्यातल्या त्यात बरी, पण मोठ्या मोरीचा आग्रह आजीने सोडावा. तारली, मांदेली, बांगडा खुशाल वाढावेत. मेंदूला लागणारं ओमेगा-३ त्यांतही आहे आणि गर्भाला त्याची गरज आहे. मासा बंद करणं हा उपाय नव्हेच.

लखनौत दुबग्ग्याच्या मासळी मंडईत गेलो होतो तेव्हा बर्फातून काढलेले रोहू ओळीने मांडलेले होते, डोळे स्वच्छ, कल्ले लाल. विचारलं, कुठला? “आंध्र का है, तालाब का,” विक्रेता म्हणाला. तळ्यातला, शाकाहारी, वर्ष-दीड वर्षाचा. वर सांगितलेल्या हिशेबात बसणारा. मी नुसती मान डोलावली. त्याला वाटलं, साहेबांना पसंत पडला नाही. तो जवळ झुकून हळूच म्हणाला, “गोमती का चाहिए तो सुबह जल्दी आइए. थोड़ा महँगा पड़ेगा.”