वेडा राघू, बांबूची बेटं आणि माधव गाडगीळ

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी भाग.

माधव गाडगीळ म्हटलं की पश्चिम घाटाचा 2011 चा अहवाल आठवतो, तोही पावसात कुठे दरड कोसळली की. मला मात्र आधीचे गाडगीळ जास्त भारी वाटतात. 1942 साली जन्मलेला, पुण्यात वाढलेला हा मुलगा. शेपटीची तार नसलेला वेडा राघू दिसला, म्हणून थेट सालिम अलींना पत्र. उत्तरही आलं: ती पिसं झडतात आणि पुन्हा येतात. पुढे हार्वर्डला गणित आणि कॉम्प्युटर वापरून परिसरशास्त्रात पीएचडी. (आपल्या इंजिनिअर लोकांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

आता मुख्य किस्सा. 1970 च्या दशकात कर्नाटकात बांबू संपत चालला होता. वनखातं आणि कागद कारखाने बोट दाखवत होते गावकऱ्यांकडे: यांची गुरं चरतात, हे आग लावतात. गाडगीळ जंगलात जाऊन बेटं बघत बसले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी जाळी असते. तोड सोपी व्हावी म्हणून ती ‘साफ’ केली जायची. जाळी गेली की कोवळे कोंब उघडे पडायचे आणि गुरं, माकडं, साळिंदर ते खाऊन टाकायचे. मग नवा बांबू येणार कुठून? गंमत म्हणजे गावकरी हेच सांगत होते. आमच्या भाषेत, यूझरने बग कळवला होता, तिकीट कुणी उघडलंच नाही.

म्हणूनच घाटाच्या अहवालातही कुठे काय चालावं, हे ग्रामसभांशी बोलून ठरवा असा आग्रह आहे. आणि तो अहवाल लोकांपुढे कसा आला? माहिती अधिकारात भांडून, 2012 मध्ये. टीका करणाऱ्या कितींनी तो वाचला, हा प्रश्नच आहे.

शिक्षणातही तेच. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी पर्यावरण शिक्षणाचा जो गट होता, त्याचे ते अध्यक्ष. मुलांनी ओढा, झाडं, पक्षी स्वतः बघून नोंदी कराव्यात आणि त्या सगळ्यांसाठी खुल्या असाव्यात, ही त्यांची कल्पना. म्हणजे ओपन डेटाच की!

2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे ग्रामपंचायतीत ‘लोकजैवविविधता नोंदवही’ असायला हवी. गावी गेलात की मागून बघा. कोणती झाडं लिहिली आहेत आणि ती कुणाला विचारून लिहिली, ते आम्हाला व्हॉइस नोटवर कळवा.