तीनशे कोटी अक्षरांतलं एक अक्षर: सिकलसेलमध्ये रक्ताच्या रेणूत नेमकं काय बिघडतं?

सिकलसेल हे नाव विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातल्या लोकांना नवीन नाही. हाडं फोडून काढणाऱ्या वेदना, वारंवार येणारा ताप, पिवळे पडलेले डोळे, शाळेतली गैरहजेरी आणि पुन्हा पुन्हा दवाखान्याच्या फेऱ्या, असं या आजाराचं रूप अनेक घरांनी जवळून पाहिलंय.

या सगळ्या त्रासाचं मूळ मात्र डोळ्यांना दिसेल इतकं मोठं नाही. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. त्यातलं एक अक्षर बदललेलं असतं. तेवढ्या बदलाने रक्तातल्या एका प्रथिनाचा स्वभाव बदलतो आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. आजाराचं नाव त्यावरूनच पडलं.

पण एका अक्षराने इतकं कसं बिघडतं? हे समजून घेतलं की डॉक्टर भरपूर पाणी प्यायला का सांगतात आणि लग्नाआधी रक्त तपासा असं का म्हणतात, हेही आपोआप कळतं.

हिमोग्लोबिन म्हणजे नेमकं काय?

रिपोर्टवर आपण हिमोग्लोबिनचा आकडा पाहतो, पण हिमोग्लोबिन हा खरं तर एक रेणू आहे. फुप्फुसांत ऑक्सिजन उचलायचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात नेऊन सोडायचा, हे त्याचं काम.

हा रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो. दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा साखळीत 141 मणी, बीटा साखळीत 146. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. प्रत्येक साखळीच्या घडीत लोहाचा एक अणू बसवलेला असतो आणि ऑक्सिजन त्या लोहाला चिकटतो. म्हणजे एका हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनचे चार रेणू प्रवास करू शकतात. एका तांबड्या पेशीत असे सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिन दाटीवाटीने भरलेले असतात.

ही दाटी लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

साखळीला आकार कोण देतं?

प्रथिन म्हणजे नुसती सरळ माळ नसते. ती पेशीत तयार होते आणि घड्या पडून तिला ठरावीक आकार येतो. प्रथिनाचं काम त्या आकारावर अवलंबून असतं, जसं किल्लीचं काम तिच्या दात्यांवर.

घड्या कशा पडणार, हे मण्यांच्या स्वभावावरून ठरतं. काही अमिनो आम्लांना पाणी आवडतं, ती बाहेरच्या बाजूला राहतात. काहींना पाणी नकोसं असतं, ती आत तोंड लपवून बसतात. आमटीवरचा तवंग आठवा. तेलाचे थेंब पाण्यात मिसळत नाहीत, पण एकमेकांजवळ आले की लगेच एक होतात. पाणी टाळणारी अमिनो आम्लंही अशीच एकमेकांना शोधतात.

कोणत्या जागी कोणता मणी ओवायचा, ही कृती डीएनएमध्ये लिहिलेली असते. डीएनएची लिपी फक्त चार अक्षरांची आहे: ए, टी, जी आणि सी. तीन अक्षरं मिळून एका अमिनो आम्लाचा शब्द होतो. डीएनएवरून आरएनएची नक्कल निघते आणि ती वाचून पेशी मणी ओवत जाते.

मग सिकलसेलमध्ये काय बदलतं?

बीटा साखळीची कृती 11व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. साखळीतल्या सहाव्या मण्यासाठी तिथे 'जीएजी' असा शब्द हवा. सिकलसेलमध्ये तो 'जीटीजी' होतो. मधलं एक अक्षर बदललं, एवढंच.

'जीएजी'चा अर्थ ग्लुटामिक आम्ल. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाणी आवडतं. 'जीटीजी'चा अर्थ व्हॅलिन. त्याच्यावर भार नसतो आणि ते पाणी टाळतं. म्हणजे हिमोग्लोबिनच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, जिथे पाण्याशी जमवून घेणारा मणी हवा होता, तिथे तेलकट स्वभावाचा मणी येऊन बसतो.

ऑक्सिजन भरलेला असेपर्यंत फारसं काही होत नाही. पण ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि त्याच्या अंगावर एक छोटा खळगा उघडा पडतो. तोही पाणी टाळणारा. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन या खळग्यात अगदी नीट बसतं. मग त्याच्या पुढचा रेणू, मग त्याच्या पुढचा, असं करत रेणूंची लांबच लांब ओळ लागते. अशा 14 ओळी एकमेकींभोवती पिळून जाड दोरखंड तयार होतात.

या ताठ दोरखंडांमुळे पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी होते. आपल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या इतक्या अरुंद असतात की निरोगी तांबडी पेशीसुद्धा अंग चोरून पुढे जाते. ताठ पेशीला ते जमत नाही. ती अडकते, तिच्यामागे इतर पेशी अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासं होतं. सिकलसेलच्या असह्य वेदना इथून सुरू होतात.

पेशी पुन्हा फुप्फुसांत पोहोचली की दोरखंड विरघळतात आणि ती पूर्ववत होऊ शकते. पण वारंवार वाकून तिचं आवरण खराब होतं. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी होतं आणि डोळे पिवळे दिसतात. प्लीहाही लहान वयातच निकामी होऊ लागते, त्यामुळे या मुलांना जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो.

पाणी प्या, असं डॉक्टर का सांगतात?

दोरखंड तयार व्हायला थोडा वेळ लागतो. बऱ्याच पेशी त्याआधीच फुप्फुसांत परत पोहोचतात आणि वाचतात. हा वेळ किती मिळणार, हे पेशीत हिमोग्लोबिनची दाटी किती आहे यावर ठरतं. दाटी थोडी वाढली तरी हा वेळ खूप कमी होतो.

शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी आक्रसते आणि दाटी वाढते. म्हणून उन्हात राबणाऱ्या, जुलाब किंवा ताप असलेल्या रुग्णाला धोका जास्त. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त हळू वाहतं आणि दोरखंडांना जास्त वेळ मिळतो. भरपूर पाणी प्या, थंडीपासून जपा, ताप अंगावर काढू नका, हे सल्ले थेट रेणूंच्या या शर्यतीतून आलेले आहेत.

हे शोधलं कसं?

1910 मध्ये शिकागोतले डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. तो रुग्ण कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला विद्यार्थी होता. कारण मात्र कळलं नव्हतं.

1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवलं. दोन्हींची चाल वेगळी निघाली, म्हणजे त्यांच्यावरचा विद्युतभारच वेगळा होता. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत आहे, हे त्यातून पहिल्यांदाच दिसलं.

नेमका मणी सापडला केंब्रिजमध्ये. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दोन्ही हिमोग्लोबिनचे छोटे तुकडे करून कागदावर पसरवले. बाकीचे तुकडे जुळले, एक जुळला नाही. 1957 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की त्या तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आहे. केंब्रिजमध्येच हिमोग्लोबिनची त्रिमितीय रचना उलगडणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांना 1962 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

भारतात हे जनुक असल्याचं 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींच्या तपासणीतून समोर आलं. पुढे मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात ते आढळलं. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत ते जास्त दिसतं.

एएस आणि एसएस म्हणजे काय?

बीटा साखळीचं जनुक आपल्याला दोन प्रतींत मिळतं, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर तो रुग्ण, म्हणजे 'एसएस'. एकच बदललेली असेल तर तो वाहक, म्हणजे 'एएस'.

वाहकाच्या पेशींत साधं हिमोग्लोबिन जास्त असतं. ते मध्ये आल्याने ओळ लागायला इतका वेळ लागतो की पेशी सहसा वाकतच नाही. त्यामुळे बहुतेक वाहक निरोगी आयुष्य जगतात. अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसतं.

दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के, एएस असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. 'पहिलं मूल आजारी झालं, आता दुसरं नक्की निरोगी होणार' हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी हिशोब नव्याने सुरू होतो.

इतकं त्रासदायक जनुक टिकलं कसं?

याचं उत्तर मलेरियात आहे. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. वाहकाच्या तांबड्या पेशीत मलेरियाच्या परजीवीला नीट वाढता येत नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक जास्त जगले आणि जनुक पुढे गेलं. त्यामुळे जंगलपट्ट्यात हा आजार जास्त दिसण्यात कोणाचा दोष नाही, की कोणाचा शापही नाही.

मात्र हे संरक्षण वाहकांपुरतं आहे. एसएस रुग्णाला मलेरिया झाला तर तो जास्त धोकादायक ठरतो.

उपचार कुठपर्यंत आलेत?

एसएस बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही. कारण पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्या या ओळीत बसत नाहीत. साधारण सहा महिन्यांनंतर गॅमाची जागा बीटा घेते आणि लक्षणं दिसू लागतात.

मग मोठेपणीही गॅमा साखळी सुरू ठेवता आली तर? आजचे दोन महत्त्वाचे उपचार याच प्रश्नावर उभे आहेत. हायड्रॉक्सियुरिया ही तोंडाने घ्यायची गोळी बाळाचं हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनांचे झटके कमी करते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्त तपासून घ्यावी लागते.

दुसरा उपचार क्रिस्परचा. 'कॅसजेव्ही' या उपचाराला 2023 च्या अखेरीस आधी ब्रिटन आणि मग अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून गॅमा साखळी बंद करणारा स्विच त्यांच्यात निकामी करतात आणि त्या परत शरीरात सोडतात. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. गडचिरोलीतल्या रुग्णाच्या हाती आज येते ती गोळीच, आणि तीही खंड न पडता मिळाली तरच उपयोगाची.

एक काळजी घ्यायला हवी. हा आजार लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही. त्यामुळे 'रक्त कमी आहे' म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत.

तपासणी, लग्न आणि भीती

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासीबहुल भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचं निर्मूलन, हे त्याचं लक्ष्य. सुरुवातीची सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट असते, पण ती एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. यातली पहिली म्हणजे पॉलिंग यांनी वापरलेलीच युक्ती.

खरी अडचण रिपोर्ट हातात आल्यावर सुरू होते. 'एएस' म्हणजे आजारी असं समजून स्थळं मोडतात आणि त्याची झळ मुलींना जास्त बसते. मग लोक तपासणीच टाळतात किंवा निकाल लपवतात. प्रत्यक्षात वाहकाने साध्या, म्हणजे 'एए' जोडीदाराशी लग्न केलं तर त्यांचं मूल एसएस होत नाही. आणि दोघंही वाहक असले तरी लग्न करू नये असा नियम नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच बाळाची तपासणी करता येते आणि समुपदेशकाशी बोलून निर्णय घेता येतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे पात्र रुग्णांना दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळू शकतं. तुमच्या घरात किंवा नात्यात कोणाला हा आजार असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासणीची चौकशी करा. एकाचा रिपोर्ट एएस आला, तर भावंडांचीही तपासणी करून घ्या. स्थळं बघायला लागण्याच्या बरंच आधी हे झालेलं असेल, तर तो रिपोर्ट शांतपणे समजून घ्यायला वेळ मिळतो.