‘कधीं तरी’ करावयाचे छंद

कामाच्या व्यापांत गढलेल्या बहुतेक मनुष्यांच्या मनांत एखादा तरी छंद दडून बसलेला असतो. कोणास सतार शिकावयाची असते, कोणास घरामागील ओसाड जागेंत गुलाबांचा वाफा करावयाचा असतो, कोणास पक्ष्यांची ओळख करून घ्यावयाची असते, तर कोणास आकाशांतील नक्षत्रें नांवानिशीं ओळखावीं असें वाटत असतें. कचेरींतून परततांना किंवा स्वयंपाकघर आवरून झाल्यावर ही मंडळी घटकाभर त्या छंदाच्या स्वप्नांत रमतात, आणि अखेरीस “पाहूं कधीं तरी” असें म्हणून दिवा मालवितात. हें ‘कधीं तरी’ कोणत्याही पंचांगांत सांपडत नाहीं. असें कां होतें, व त्यावर उपाय काय, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

छंदासाठीं आधीं मोठा मोकळा काळ हातीं यावा लागतो, अशी आपली समजूत असते. मुलांच्या परीक्षा संपल्या म्हणजे, थोरलीचें लग्न झालें म्हणजे, नोकरींतून निवृत्त झालों म्हणजे, अशा पायऱ्या आपण एकीवर एक रचीत जातों. इतक्यांत दृष्टि मंदावते, बोटें ताठरतात, आणि छंद मनांतच राहतो. ही समजूत कितपत खरी आहे, हें पारखण्यासाठीं एका खजिन्यांतील नोकराचें उदाहरण घेऊं.

राधागोविंद चंद्र यांचा जन्म १८७८ सालीं बंगालमधील जेसोर जिल्ह्यांत झाला. हा भाग आज बांगलादेशांत आहे. एंट्रन्सची परीक्षा त्यांस तीन वेळां देऊनही साधली नाहीं. पुढें ते जेसोरच्या सरकारी खजिन्यांत नाणीं पारखण्याच्या कामावर लागले. वेतन अल्प, काम रोजचें. परंतु लहानपणापासून ताऱ्यांची ओढ होती. १९१० सालीं हॅलेचा धूमकेतु आला, तो त्यांनीं लक्षपूर्वक पाहिला. १९१२ सालीं तीन इंचांची लहानशी दुर्बीण मिळविली. पुढें अमेरिकेंतील रूपविकारी ताऱ्यांचें निरीक्षण करणाऱ्या संस्थेशीं त्यांचा संबंध जुळला, आणि १९१९ ते १९५४ या काळांत त्यांनीं ३७,००० हून अधिक निरीक्षणें नोंदविलीं. १९२६ सालीं त्या संस्थेनें त्यांच्या उपयोगासाठीं सहा इंचांची दुर्बीण पाठविली.

हा आंकडा ऐकून छाती दडपते. पण विद्यार्थ्यांनीं तो ३५ वर्षांनीं भागून पाहावा. वर्षास साधारण १,०५०, म्हणजे दिवसास सरासरी तीन निरीक्षणें होतात! पावसाळ्याच्या रात्रीं वगळल्या तर निरभ्र रात्रीं तीं कांहीं अधिक झालीं असतील, इतकेंच. कचेरी सांभाळून, रात्रीं अंगणांत थोडा वेळ उभें राहून केलेलें हें काम होय.

तें काम तरी कसें असतें? ज्याचें तेज कमीअधिक होतें, त्या ताऱ्यास रूपविकारी तारा म्हणतात. त्याच्या शेजारचे दोन स्थिर तेजाचे तारे निवडावे. एक किंचित् अधिक तेजस्वी, दुसरा किंचित् मंद. आपला तारा या दोहोंमध्यें कोठें बसतो याचा नजरेनें अंदाज करावा, आणि तो वेळेसह वहींत लिहावा. झालें एक निरीक्षण!

यास नेहमीं दुर्बीणच लागते असेंही नाहीं. डिसेंबरांत रात्रीं नऊच्या सुमारास डोक्याच्या थोडें उत्तरेस, शर्मिष्ठा व कृत्तिका यांच्या दरम्यान, ययाति नांवाचा तारकासमूह दिसतो. त्यांतील अल्गॉल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनीं मंद होतो. सुमारें पांच तास त्याचें तेज उतरत जातें व तितक्याच वेळांत पुन्हां चढतें. दोन तारे एकमेकांभोंवतीं फिरत असून मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो, म्हणून असें घडतें. या फेऱ्याचा काळ १७८३ सालीं इंग्लंडांतील यॉर्क शहरीं जॉन गुडरिक यानें निश्चित केला. तो बहिरा होता, वय अवघें अठरा वर्षांचें होतें, आणि अल्गॉल तर नुसत्या डोळ्यांस दिसणारा तारा! त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ली पदक दिलें. १७८६ सालीं एकविसाव्या वर्षीं तो वारला. ‘मोठा झाल्यावर पाहूं’ असें त्यानें म्हटलें असतें, तर पुढें काय झालें असतें?

आकाशाची आवड सर्वांस असेलच असें नाहीं. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचें घराणें चष्म्यांच्या धंद्यांतलें. त्यांना नाद जडला तो जुन्या घरगुती वस्तूंचा. अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यें, कोरीव दरवाजे अशा हजारों वस्तु त्यांनीं गांवोगांवीं हिंडून, पदरमोड करून, एकेक करीत जमविल्या. १९७५ सालीं तो सारा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अकालीं निवर्तलेल्या त्यांच्या राजा नांवाच्या मुलाचें नांव आज त्या संग्रहालयास आहे.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं मनांतल्या छंदाचा एक लहानसा तुकडा तोडून तो आठवड्यांतील एखाद्या ठरलेल्या वेळीं बसवावा. बाग नसेल तर एक कुंडी, सतार नसेल तर एका रागाचें श्रवण, दुर्बीण नसेल तर एक तारा. साधनें मागाहून येतील. एक वही मात्र अवश्य ठेवावी. कारण नोंद नसली तर नाद लवकर विरतो, आणि नोंद असली म्हणजे कालच्यापुढें आज जावेंसें वाटतें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमचा अभ्यास तर झालाच पाहिजे. परंतु तो आटोपल्यावर एखाद्या संध्याकाळीं आपल्या वडिलांस अथवा आईस विचारा, “तुम्हांला कधीं तरी काय करावयाचें होतें?” उत्तर ऐकून बहुधा तुम्हांस आश्चर्य वाटेल. मग त्यांच्यासाठीं एक कोरी वही आणा, आणि पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख घाला.