भाड्याला लगाम घातला, पण 'कोणासाठी?' हे विचारलंत का?

पीएचडीच्या प्रवेशासाठी सिनॉप्सिस लिहिणारे बरेच जण मला मेल करतात. त्यात एक वाक्य हमखास असतं: 'अमुक धोरण यशस्वी झालं की अयशस्वी, याचा अभ्यास करायचा आहे.' माझा पहिला सिनॉप्सिसही असाच होता. विषय होता घरभाडं. गाईडनी तो परत केला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: 'कोणासाठी?' मला तेव्हा राग आला होता. आजची पोस्ट त्या एका शब्दावर आहे.

आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ती धरून चालता येईल. गिरगावातल्या एका चाळीत आजोबांची पागडीची खोली आहे. भाडं इतकं कमी, की ते थकण्याचा कधी प्रश्नच आला नाही. त्या भाड्याच्या जिवावर बाबा आणि आत्या शिकले. पण चाळीचा मागचा जिना माझ्या लहानपणापासून टेकूवर उभा होता. आता तिथे काका राहतात. मी मात्र त्याच शहरात दर अकरा महिन्यांनी नवं ॲग्रीमेंट, ब्रोकरेज आणि डिपॉझिट यांच्या चक्रात आहे. म्हणजे भाडे नियंत्रणाने आमचं भलं केलं का, या प्रश्नाला आमच्या एकाच घरात दोन उत्तरं आहेत.

आता उदाहरण घेऊ बर्लिनचं. तिथली बहुसंख्य कुटुंबं भाड्याने राहतात, त्यामुळे भाडं हा निवडणुकीचा विषय असतो. शिवाय तिथे खाजगी घरमालकांना आवर घालणारे दोन मोठे प्रस्ताव लागोपाठ आले, आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिला प्रस्ताव भाडं गोठवण्याचा. फेब्रुवारी 2020 मध्ये बर्लिन राज्याने कायदा केला आणि सुमारे 15 लाख घरांची भाडी जून 2019 च्या पातळीवर थांबवली. नोव्हेंबर 2020 पासून मर्यादेपेक्षा फार जास्त असलेली भाडी कमी करणंही बंधनकारक झालं. 2014 पासून पुढे बांधलेली घरं मात्र कायद्याबाहेर ठेवली, नवीन बांधकाम थांबू नये म्हणून. एप्रिल 2021 मध्ये जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने हा कायदा रद्द ठरवला. कारण भाडं गोठवणं चूक आहे, असं नव्हतं. या विषयावर कायदा करण्याचा अधिकार राज्याकडे उरलेला नाही, संघाने तो आधीच वापरला आहे, एवढंच न्यायालय म्हणालं. 'कोर्टाने भाडे नियंत्रण फेटाळलं' असं कुठे वाचलंत, तर इथेच थांबून निकाल नेमका कशावर आहे ते बघा.

दुसरा प्रस्ताव त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. 3,000 पेक्षा जास्त घरं असलेल्या खाजगी कंपन्यांची बर्लिनमधली घरं भरपाई देऊन सार्वजनिक मालकीत आणावीत, यावर 26 सप्टेंबर 2021 रोजी सार्वमत झालं. ग्राह्य मतांपैकी 59 टक्क्यांच्या आसपास मतं बाजूने पडली. आधार होता जर्मन राज्यघटनेचं कलम 15, जे तोपर्यंत कधीच वापरलं गेलं नव्हतं. सार्वमत सरकारवर बंधनकारक नव्हतं. पुढे नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या बहुमताने 2023 मध्ये सांगितलं की असं करणं घटनेच्या चौकटीत शक्य आहे.

पहिल्या प्रस्तावाचा अभ्यास कसा झाला?

नुसती 'कायद्याआधीचं भाडं' आणि 'कायद्यानंतरचं भाडं' अशी तुलना चालत नाही, कारण त्याच काळात कोविडही आला होता. मग काय करायचं? कायद्यानेच एक रेघ मारून दिली होती: 2014 च्या आधीची घरं आत, नंतरची बाहेर. शहर एकच, साथ एकच, बाजार एकच. फरक फक्त कायदा लागू असण्या-नसण्याचा. दोन्ही गटांत झालेला बदल मोजायचा आणि मग त्या दोन बदलांमधला फरक काढायचा. यालाच डिफरन्स इन डिफरन्सेस म्हणतात. नाव जड आहे, कल्पना साधी आहे.

या पद्धतीने अभ्यास करणाऱ्यांना दिसलं, की जाहिरातींमधल्या नियंत्रित घरांची भाडी खरोखर उतरली. पण भाड्याने उपलब्ध असलेल्या घरांच्या जाहिरातीही लक्षणीय घटल्या. शहराच्या हद्दीबाहेरच्या गावांमध्ये भाडी भराभर चढली. म्हणजे जो आधीच घरात आहे त्याचा फायदा झाला. जो नव्याने शहरात येतोय, ज्याला पहिलं घर हवंय किंवा मूल झालं म्हणून मोठं घर हवंय, त्याची पंचाईत झाली.

इथे लगेच 'म्हणजे कायदा वाईट' असं लिहू नका. मोजलं काय, ते बघा. मोजल्या गेल्या जाहिराती, घरं नव्हेत. जाहिरात कमी होण्याची निदान तीन कारणं असू शकतात. एक, मालकाने घर भाड्याच्या बाजारातून काढून विकायला ठेवलं. दोन, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुलूप लावून ठेवलं. तीन, भाडेकरू घर सोडतच नाही, कारण आता त्याला परवडतंय. तिसरं कारण असेल तर ते अपयश म्हणायचं की यश? कायद्याचा हेतूच तो होता. शिवाय कायदा जेमतेम चौदा महिने टिकला. तेवढ्यात बांधकामावरचा परिणाम दिसणं शक्यच नव्हतं.

लांब पल्ल्याचं उत्तर हवं असेल तर सॅन फ्रान्सिस्कोवरचा अभ्यास वाचा. डायमंड, मॅकक्वेड आणि चिएन यांनी तो 2019 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे 1994 मध्ये भाडे नियंत्रण छोट्या इमारतींनाही लागू झालं, पण 1980 च्या आधी बांधलेल्यांनाच. पुन्हा तीच रेघ! भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता 10 ते 20 टक्क्यांनी वाढली. मात्र मालकांनी इमारती पाडून नव्या बांधल्या किंवा फ्लॅट करून विकले, आणि अशा इमारतींमधली भाड्याची घरं 15 टक्क्यांनी घटली. संशोधकांच्या हिशेबाने त्यामुळे शहरभरातलं भाडं सुमारे 5 टक्क्यांनी वाढलं. आतल्यांना आधार मिळाला, आणि त्याची किंमत बाहेरच्यांनी मोजली.

दुसऱ्या प्रस्तावाला हीच फूटपट्टी लावता येईल का?

नाही. सॅन फ्रान्सिस्कोत नुकसान झालं ते मालकाला बाजारातून बाहेर पडायची वाट होती म्हणून. मालकच सरकार असेल तर ही वाट बंद होते. पण दुसरा प्रश्न उभा राहतो. मालकी बदलली म्हणून घरं वाढत नाहीत. सार्वमताच्या सुमारास बर्लिन सरकारने दोन मोठ्या खाजगी कंपन्यांकडून सुमारे 14,750 घरं 2.46 अब्ज युरोंना विकत घेतली. एका घरामागे साधारण 1 लाख 67 हजार युरो. विरोधक म्हणतात, या पैशात नवी घरं बांधता आली असती. समर्थक म्हणतात, शहराने 2004 मध्ये स्वतःचीच हजारो घरं विकली, ती चूक निस्तरायलाच हवी; आणि एकदा सार्वजनिक झालेल्या घराचं भाडं पिढ्यान् पिढ्या आटोक्यात राहतं. दोघांचं म्हणणं तपासता येतं, पण त्यासाठी दीर्घ काळाचा डेटा लागतो.

तो व्हिएन्नात मिळतो. तिथे 1917 मध्ये, युद्धकाळात, भाडी गोठली. खाजगी बांधकाम थंडावलं, जमिनी स्वस्त झाल्या. नगरपालिकेने त्या विकत घेतल्या, 1923 मध्ये घरांसाठी वेगळा कर लावला, श्रीमंतांच्या घरांवर तो जास्त ठेवला, आणि 1934 पर्यंत 60 हजारांहून अधिक घरं बांधली. आज तिथे नगरपालिकेची सुमारे 2 लाख 20 हजार घरं आहेत. तरीही दाराबाहेरचा माणूस तिथे आहेच: घर मिळवायला आधी ठरावीक काळ शहरात राहिल्याची अट असते.

आता गिरगावात परत या. मुंबईत 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली. लगाम व्हिएन्नासारखाच. पण रिकाम्या झालेल्या जागी सार्वजनिक बांधकाम त्या प्रमाणात आलं नाही. 1969 मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आणि मंडळ आलं, म्हणून आमचा जिना टेकूवर का होईना, उभा राहिला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतकी वर्षं गोठवलेली भाडी आता अवाजवी ठरतात. 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली.

मग 'भाडे कायद्याने मुंबईतली भाड्याची घरं संपवली' हे वाक्य खरं का? मोह होतो. पण त्याच काळात सहकारी गृहनिर्माण संस्था वाढल्या, मालकीचे फ्लॅट आले, 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. इथे 1980 किंवा 2014 सारखी सरळ रेघ नाही. दोन शहरं शेजारी ठेवून प्रश्न सुचतो, पुरावा मिळत नाही. मला स्वतःला व्हिएन्नाची गोष्ट फार आवडते, म्हणूनच तिच्याबाबतीत मी जास्त सावध असते.

तर तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'यशस्वी की अयशस्वी' खोडा आणि चार ओळी लिहा. फायदा-तोटा कोणाचा मोजणार: आत राहणाऱ्यांचा, की बाहेर उभ्या असलेल्यांचा? किती वर्षांचा? तुलना कोणाशी? आणि हाती येणारा आकडा नेमका कशाचा आहे: घराचा, की जाहिरातीचा?

काकांना मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्यामुळे तुला घर मिळत नाही, असं म्हणायचंय का तुला?" त्यांना उत्तर द्यायला मला अजून डेटा गोळा करायचाय.